न मिळालेल्या नोकरीवरून काढून टाकण्याबाबत

दिनांक : २० मार्च

प्रति,
मा. प्रमुख,
करिअर मार्गदर्शन व साहाय्य कक्ष,
कला व माध्यम महाविद्यालय,
तळमजला, जिन्याखालचे दार.

विषय : मला न मिळालेल्या नोकरीवरून बुधवारी सायंकाळी पाच वाजेपर्यंत रीतसर काढून टाकण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे पाच अर्ज. २) त्यांवर आपला शेरा : ‘प्रकरण समाधानकारकरीत्या निकाली’. ३) कक्षाची नियमावली, नियम सात.

महोदय,

मी ध्वनिमुद्रण विभागाच्या अंतिम वर्षाचा विद्यार्थी, हजेरी क्रमांक ४१, सविनय सादर करतो की आपल्या नोंदवहीप्रमाणे मी गेले अडीच महिने नोकरीत आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे मी नोकरीत नाही. दोन्हींपैकी आपली नोंद अधिकृत असल्याने मी वाद घालत नाही. मला फक्त कामावरून काढून टाकावे, एवढेच मागणे आहे.

घाईचे कारण असे. येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजता एक खरा ध्वनिमुद्रण स्टुडिओ आपल्या कक्षात मुलाखती घेणार आहे. ‘खरा’ हा शब्द मी जपून वापरत आहे. मी त्यांच्या इमारतीपर्यंत जाऊन आलो, बाहेरच्या भिंतीवर मुठीने ठोकून पाहिले, ती विटांची आहे. त्यांना एक साहाय्यक हवा आहे. आमच्या विभागातल्या आठ जणांची नावे यादीत आहेत, माझे नाही, कारण नियम सातनुसार ज्याला एकदा नोकरी लागली त्याला दुसऱ्या मुलाखतीला बसता येत नाही. हकीकत क्रमाने मांडतो.

१. दिनांक ६ जानेवारीला आपल्या कक्षामार्फत खोली क्रमांक नऊमध्ये माझी मुलाखत झाली. टेबलामागे एक मॅनेजर, शेजारी एक सेक्रेटरी, भिंतीवर कंपनीची पाटी, उघड्या खिडकीबाहेर रहदारीचा आवाज. चाळीस मिनिटे प्रश्न विचारून मॅनेजरांनी उठून माझा हात हातात घेतला आणि नेमणूकपत्र दिले. मी रडलो. हे लिहायला संकोच वाटला असता, पण ते आता सर्वांनी पाहिलेले आहे. त्या दिवशी महाविद्यालयात सराव मुलाखती चालू होत्या, हे खरे. मात्र नाट्य विभागाने एक उमेदवार ‘अनभिज्ञ’ मागितला होता, म्हणजे ज्याला हा सराव आहे हे ठाऊक नाही असा, आणि कक्षाने माझे नाव सुचवले. कारणाच्या रकान्यात ‘चेहऱ्यावर लगेच दिसते’ असे लिहिले आहे. मॅनेजर नाट्य विभागाच्या तिसऱ्या वर्षाला होते. भिंती प्लायवुडच्या होत्या. माझी संमती होती असे आपण कळवलेत, तेही खरे. प्रवेशाच्या वेळी ‘कक्षाच्या सर्व उपक्रमांत आनंदाने सहभागी होईन’ या ओळीखाली माझी सही आहे.

२. दिनांक ९ ते १९ जानेवारी, असे अकरा दिवस मी त्या कार्यालयात कामाला गेलो. नाट्य विभागाच्या परीक्षेत ‘दीर्घ प्रयोग’ असा एक भाग असतो म्हणे. मला जुन्या टेपांवर चिठ्ठ्या लावण्याचे काम होते. ते मी नीट केले. रविवारीही गेलो, त्यामुळे मॅनेजरांना घरचे जेवण अर्धवट टाकून कोट घालून यावे लागले, अशी त्यांनी नंतर माझ्याविरुद्ध तक्रार नोंदवली आहे. २० तारखेला सकाळी नऊ वाजता मी दार उघडले तर दाराला भिंत नव्हती. नेपथ्य विभागाची मुले प्लायवूड रचून ठेवत होती. त्यांच्यातल्या एकीने मला खुर्चीवरून उठायला सांगितले, कारण खुर्ची वाचनालयाची होती.

३. हे इथेच संपले असते. परंतु नोकरी लागल्याच्या आनंदात नेमणूकपत्राची एक प्रत मी स्वतःच्या पायांनी आपल्या लिपिकांना नेऊन दिली होती, सोबत बिस्किटांचा पुडा. त्यांनी बिस्किटे घेतली आणि नोंद केली. ध्वनी विभागातून यंदा नोकरी लागलेला मी एकटाच. माझे नाव काढले तर विभागाचा आकडा शून्य होतो, आणि अहवाल वर गेलेला आहे. लिपिकांनी मला समजुतीने सांगितले की नोकरीच्या यादीतून नाव कमी होण्यास मालकाचे बडतर्फीपत्र लागते. मालक, म्हणजे मॅनेजर झालेला विद्यार्थी, कँटीनमध्ये बसला होता. मी लगेच गेलो. तो म्हणाला की त्याला त्या भूमिकेचे गुण मिळून गेले आहेत, आणि उमेदवाराला काढून टाकणे संहितेत नव्हते. भीक नको पण कुत्रे आवर, या न्यायाने मी तेव्हापासून अर्ज करत आहे.

४. दरम्यान या उपक्रमाचा लाभ सर्वांना झाला, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे. मॅनेजरांना प्रयोग पाहायला आलेल्या एका नाटक कंपनीने घेतले. कार्यालय उभारणाऱ्या विद्यार्थिनीला जाहिरातीच्या कंपनीत जागा मिळाली. आरशामागून माझे चित्रीकरण करणाऱ्या विद्यार्थिनीच्या तीन मिनिटांच्या लघुपटाला पहिले बक्षीस मिळाले, आणि तो लघुपट प्रवेशद्वाराजवळच्या मोठ्या पडद्यावर दिवसभर चालू असतो. खाली ‘आमचा कक्ष, तुमचे स्वप्न’ असे येते. मी रोज माझ्या रडण्यासमोरून आत येतो. पहिल्या वर्षाची मुले आधी पडद्याकडे आणि मग माझ्याकडे पाहतात. परवा एकाने माझी सही मागितली आणि नोकरी कशी लावून घ्यायची ते विचारले. मी त्याला आपल्या कक्षाकडे पाठवले आहे.

५. माझ्या दुसऱ्या अर्जावरील उत्तरात कक्षाने सगळा दोष मला दिला आहे. खिडकीबाहेरचा रहदारीचा आवाज हे मी स्वतः दुसऱ्या वर्षी परीक्षेसाठी केलेले ध्वनिमुद्रण होते. विभागाच्या संग्रहातून ते काढून पडद्यामागे फिरवत ठेवले होते. त्यात दर सव्वातीन मिनिटांनी सायकलची एक घंटा वाजते आणि एक बाई दोनदा खोकते. ‘ध्वनीच्या विद्यार्थ्याला स्वतःचे ध्वनिमुद्रण अकरा दिवस ओळखता येऊ नये, ही बाब त्याच्या तयारीविषयी पुरेशी बोलकी आहे’ असे आपले वाक्य आहे. यावर मला काही म्हणायचे नाही. त्यात एवढीच भर घालतो की ती खोकणारी बाई माझी आई. त्या दिवशी उन्हात माइकवर छत्री धरून ती दोन तास माझ्या शेजारी उभी होती.

६. आईविषयी लिहिणे भाग आहे. घरात आम्ही दोघेच. ती गणवेशाच्या कारखान्यात बावीस वर्षे शिलाई मशीनवर होती. मशीनचे काम सोडा नाहीतर उरलेली नजरही जाईल, असे डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला दोन वर्षांपूर्वीच सांगितले होते. ती माझ्या नोकरीची वाट पाहत होती. ६ जानेवारीला मी नेमणूकपत्र तिच्या हातात दिले आणि ७ जानेवारीला तिने मशीन सोडले. तिच्या जागेवर त्याच दुपारी दुसरी बाई बसली. म्हणून २० जानेवारीनंतरही मी रोज साडेआठला डबा घेऊन घराबाहेर पडत राहिलो. पगार तीन महिन्यांनी सुरू होतो, असे तिला सांगितले. खोटे बोलण्याचे शिक्षण मी घेतलेले नाही, पण नाट्य विभागाशेजारी राहून थोडे अंगी लागते.

७. फेब्रुवारीत आईने माझे कार्यालय पाहण्याचा हट्ट धरला. मुलगा कुठल्या खुर्चीवर बसतो तेवढे पाहून येते, म्हणाली. नाइलाजाने मी कक्षाकडे एका तासासाठी कार्यालय परत उभे करून मागितले. आपण तत्परतेने मंजुरी दिलीत, कारण लघुपटाला शेवट हवाच होता. २५ फेब्रुवारीला ती आली. ठेवणीतले लुगडे नेसून, सगळ्या स्टाफसाठी डबा घेऊन. मॅनेजर म्हणाले, “तुमचा मुलगा नसता तर ही शाखा केव्हाच बंद पडली असती.” त्यांच्या सबंध भूमिकेतले एवढेच वाक्य खरे होते. तिच्या हातून चष्म्याचे घर खाली पडले, ते त्यांनी टेबलापुढे येऊन, वाकून उचलून दिले; संहितेत नसलेल्या या सौजन्याचे आपल्या परीक्षकांनी कौतुक केले आहे. मीही टेपांवर चिठ्ठ्या लावत बसलो होतो. आईने खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला आणि घरी जाताना ती एवढेच म्हणाली की माणसे चांगली आहेत.

८. माझ्या पाचव्या अर्जावर कक्षाने ९ मार्चला बडतर्फीचा कार्यक्रम ठेवला, त्याबद्दल आभारी आहे. मूळ मॅनेजर दौऱ्यावर असल्याने पहिल्या वर्षाचा एक मुलगा बदली म्हणून दिला. त्याने मला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले आणि सांगता सांगता त्यालाच हसू फुटले. परीक्षकांनी ‘पात्रात अधिकार जाणवत नाही, बडतर्फी पटत नाही’ असा शेरा देऊन ती नामंजूर केली. मी पुन्हा एकदा करून पाहण्याची विनंती केली, पण खोली दुसऱ्या विभागाला दिलेली होती.

९. हे शेवटचे. १४ मार्चला सकाळी अकरा वाजता मी वेळ काढायला रस्त्याने फिरत होतो आणि गणवेशाच्या कारखान्याच्या मागच्या बाजूला आलो. मागची खिडकी उघडी होती. आई आत जमिनीवर बसली होती, कपडा नाकाला लागेल इतका जवळ धरून. चुकलेली शिवण उसवून धागे वेचण्याचे काम करत होती. मशीनवर बसणाऱ्या बायका ते काम कधी घेत नाहीत. डोळ्यांना त्याच्याइतके वाईट काम त्या कारखान्यात दुसरे नाही. ती २७ फेब्रुवारीपासून तिथे जात होती. मला मात्र मावशीकडे जाते म्हणून सांगायची. तीही डबा घेऊन निघायची, माझ्यानंतर दहा मिनिटांनी.

मी खिडकीशी उभा राहिलो. तिने मला आवाजावरून ओळखले, माझ्या खाकरण्यावरून. मग म्हणाली, “त्या साहेबांच्या कोटाला पाठीमागून सहा टाचण्या लावल्या होत्या रे. वाकले तेव्हा दिसल्या. ज्याच्या अंगावर स्वतःच्या मापाचा कोट नाही, तो दुसऱ्याला काय नोकरी देणार?”

ती तेवढ्या क्षणात, त्या नजरेने, सहा टाचण्या मोजू शकली. मला माझेच ध्वनिमुद्रण अकरा दिवसांत ऐकू आले नाही. मग तू तेव्हाच का बोलली नाहीस, असे मी तिला विचारले.

ती म्हणाली, “मला वाटलं, तुला माहीत नाही. तू किती मन लावून काम करत होतास.”

महोदय, त्या दिवसापासून आम्ही सकाळी एकत्रच निघतो. कारखान्याच्या दारापर्यंत मी तिचा हात धरतो, कारण आता तिला पायरी दिसत नाही. म्हणून गुरुवारची मुलाखत मला हवी आहे. ती खरी नोकरी आहे, आणि मला ते काम येते. बुधवारी पाचपर्यंत कोणीही, कसल्याही कोटात, मला हाकलून द्यावे. मी अधिकार जाणवून घेईन.

१०. आपले कालचे पत्र मात्र आजच मिळाले. गुरुवारच्या यादीत बदल शक्य नाही, तथापि पुढच्या तुकडीच्या सराव मुलाखतींसाठी मूळ मॅनेजर उपलब्ध नसल्याने, ‘कंपनीतील प्रदीर्घ अनुभव लक्षात घेता’ मॅनेजरचे काम मी मानधनाशिवाय करावे, असे आपण सुचवले आहे. अनभिज्ञ उमेदवार म्हणून ज्याचे नाव आपण निवडले आहे, तो माझी सही मागणारा पहिल्या वर्षाचा मुलगा आहे. चेहऱ्यावर लगेच दिसते, हे मीही सांगू शकतो. त्याच्या घरी कोण कोण आहे याची चौकशी मी केली. आजी आहे.

मी दोन दिवस विचार करणार होतो, पण विचाराला इतका वेळ लागला नाही. बडतर्फी होत नसेल तर आपला प्रस्ताव मला मान्य समजावा. मॅनेजर झालो की किमान स्वतःला काढून टाकण्याचा अधिकार माझ्याकडे येईल. ते पत्र मी त्याच दिवशी काढीन, मुलाचे नेमणूकपत्र दिल्यानंतर. आवाजासाठी माझे ते ध्वनिमुद्रण वापरू नये. नवीन करून देतो.

एकच अट आहे. कोट माझ्या मापाचा असावा. त्या आजीने उभा जन्म कोणते काम केले, हे आपल्याला माहीत नाही.

आपल्या नोंदवहीत सुखाने नोकरी करणारा,
आपला नम्र,
(सही)
हजेरी क्रमांक ४१

सोबत :
१) नेमणूकपत्राची प्रत.
२) नामंजूर बडतर्फीवरील परीक्षकांचा शेरा.
३) माझ्या अंगाचे माप. आईने टेपशिवाय, वितीने घेतले आहे. आकडे तिच्याच हातचे आहेत आणि एकमेकांवर चढले आहेत, तरी बरोबर आहेत.