कोपर आणि राहिलेलं बोलणं

दि. ११ ऑक्टोबर, शनिवार दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, तू बरा असशील, तुझी बायको तुझ्यापेक्षा बरी असेल, हे नेहमीचं आधी उरकून घेते. जाडजूड पाकीट बघून घाबरू नकोस. कुणी आजारी नाही, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. व्हिडिओवर बोलायचं सोडून ताई कागद काळे का करतेय, असं तुला वाटलं असेल. त्याचं कारण तूच आहेस. व्हिडिओवर तू मला मध्येच तोडतोस आणि राग आला की मान फिरवतोस. ऐकू न येणाऱ्या माणसाने मान फिरवल्यावर समोरच्याने करायचं तरी काय? हातात आलेलं पत्र मात्र तू अर्धवट ठेवणार नाहीस, एवढी मी तुला ओळखते.

एक विनंती. हे पत्र एकट्याने वाच आणि तुझ्या बायकोच्या हाती देऊ नकोस. का ते पुढे कळेल.

तिने परवा मला कळवलं, की दूरच्या शहरातल्या त्या फर्निचरच्या कारखान्यात जायचं तू जवळजवळ ठरवलं आहेस आणि महिनाअखेरीला त्यांना उत्तर द्यायचं आहे. सासऱ्यांचं चालतं सुतारकाम इथे असताना तिकडे का, असं तिने विचारलं, तर तू म्हणालास, की त्यांना हाताखाली माणूस हवाय, जावई नकोय. आणि सासरेही तुझा विषय निघाला की रंधा उचलून कामाला लागतात म्हणे. ती बिचारी मधल्यामध्ये भरडली जातेय. तुम्हा दोघांचं का बिनसलं, हे तिला कळत नाही. मला कळतं. पण त्याआधी माझ्या कोपराची हकीकत वाच, कारण त्या कोपरामुळेच माझी लिहायची हिंमत झाली.

दोन वर्षं माझं उजवं कोपर दुखत होतं. तुला सांगितलं नाही. दिवसभर कुणासाठी ना कुणासाठी हात हवेत धरून खुणांच्या भाषेत दुभाष्याचं काम करायचं, कधी कोर्टात, कधी इस्पितळात, कधी कॉलेजच्या वर्गात तीन-तीन तास. कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाशी एक जागा अशी ठणकायची, की किटली उचलताना डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले, टेनिस एल्बो. मी उभ्या आयुष्यात रॅकेट धरलेली नाही, पण दुखण्याने मला खेळाडूंच्या पंगतीत नेऊन बसवलं.

तुझ्या लक्षात आलं होतंच. माझ्या खुणा आखडल्या होत्या. छातीपाशी हात धरून, मनगटातल्या मनगटात काहीतरी करायचे. "ताई, तू हल्ली पुटपुटतेस," असं तू मला म्हणालास. मी वयावर ढकललं. तुला वाटलं, मी तुझ्यावर चिडले आहे, म्हणून तोडकं बोलते. मी तसं वाटू दिलं. हात दुखतोय म्हटलं असतं तर तू माझ्यासाठी तुझं बोलणं आवरतं घेतलं असतंस, आणि ते मला सोसलं नसतं.

गोळ्या झाल्या, पट्टा झाला, एक इंजेक्शन झालं. इंजेक्शनने दोन महिने स्वर्ग दाखवला आणि मग दुखणं व्याजासकट परत आलं. शेवटी एका फिजिओबाईंकडे गेले. चाळिशीतल्या, ठेंगण्या, हसऱ्या, पण हात असा की पंजा लढवायला नको. त्या म्हणाल्या, शॉकवेव्ह करून बघू. मी उठून चपला शोधायला लागले. मला वाटलं, विजेचे झटके देणार. त्यांनी मला पुन्हा बसवलं आणि समजावलं, की यात वीज अंगाला लागत नाही. एका दांड्यासारख्या यंत्रातून दाबाचे ठोके दुखऱ्या जागेवर द्यायचे. जुन्या दुखण्याला शरीर कंटाळलेलं असतं, तिथली दुरुस्ती अर्धवट सोडून बसलेलं असतं, त्याला पुन्हा कामाला लावायचं. आठवड्यातून एकदा, असं पाच वेळा. गुण येतो, पण सगळ्यांना येत नाही, आणि आला तरी सावकाश येतो, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं. त्या स्वच्छ सांगण्यावरच मी हो म्हटलं.

कोपराला गार जेल फासायचं, वर ते दांडकं टेकवायचं, आणि मग टकटकटकटक. एका वेळी दोन हजार ठोके. मोजायचं काम यंत्राचं, दात आवळायचं माझं. तुला ते आवडलं असतं, कारण ठोका कानाला कमी आणि हाडाला जास्त कळतो. जागा बधिर करत नाहीत. बधिर केली तर नेमकं कुठे दुखतंय ते पेशंट सांगणार कसं? त्या दांडकं जरासं सरकवायच्या आणि विचारायच्या, "इथे? दहापैकी किती?" मी म्हणायचे, तीन. फार तर चार.

दोन आठवडे झाले, फरक शून्य. तिसऱ्या वेळी त्यांनी यंत्र सुरूच केलं नाही. नुसता अंगठा घेऊन कोपर चाचपत राहिल्या आणि एका जागी दाबलं, तशी मी टेबलावरून निम्मी उठले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ही जागा आधी का नाही सांगितलीत, असं विचारलं. मी म्हटलं, तुम्ही एवढ्या मेहनतीने करत होतात, बाहेर पेशंट खोळंबले होते, म्हटलं कशाला उगीच.

त्या रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही मला अर्धंच सांगितलंत. मी त्या अर्ध्यावरच ठोकत बसले. यात तुमच्या हाताची काय चूक?"

धाकट्या, मी तिथे टेबलावर पालथ्या हाताने पडून रडले. त्यांना वाटलं, दुखतंय म्हणून. त्यांनी रुमाल दिला, पाणी दिलं, आणि मग नेमक्या जागेवर दोन हजार ठोके दिले. दहापैकी आठ. मी आठ म्हणाले आणि त्यांनी ठोक्याचा जोर जरा उतरवला. खरं सांगितलं की माणसं जोर उतरवतात, हे मला या वयात शिकावं लागलं.

आज त्याला अडीच महिने झाले. शेवटच्या ठोक्यांनंतर महिनाभर काहीच वाटत नव्हतं. एक किलोचं वजन घेऊन मनगटाचा व्यायाम नेमाने करत होते आणि मनातून आशा सोडली होती. मग एका सकाळी चहा गाळून झाल्यावर ध्यानात आलं, की भरलेली किटली मी उजव्या हाताने उचलली आणि मला कळलंही नाही. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि त्या बाईंना मनातल्या मनात शंभर आशीर्वाद दिले. त्यांचे उपकार माझ्यावर दोन आहेत. एक हात परत दिल्याचे. दुसरे आता लिहिते.

तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी तुझ्या सासऱ्यांनी तुला त्यांच्या वर्कशॉपमध्ये बोलावलं होतं. मुलीला मुद्दाम येऊ दिलं नव्हतं. तिला आपली भाषा येते, ती सहज मध्ये बसली असती, पण त्यांना माझ्यातर्फेच बोलायचं होतं. आपण तिघं फळ्यांच्या थप्पीवर बसलो. ते माणूस वर्षातून एकदा बोलणारं, त्या दिवशी जवळजवळ अर्धा तास बोललं. आणि मी तुला काय सांगितलं? मुलीला जप. कामाला ये. वेळेवर ये. येशील का, असं विचारतायत.

तू म्हणालास, बघू. मी ते "बघू" मात्र इमानदारीने मोठ्या आवाजात त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, ते उठले आणि फळ्या नीट रचायला लागले. तू बाहेर येऊन मला म्हणालास, अर्धा तास तोंड हलवून माणसाने तीन हुकूम सोडले.

सकाळपासून पाहुण्यांची बोलणी तुझ्यापर्यंत पोचवून माझं कोपर पेटलं होतं, हे खरं आहे. उद्या निवांत सांगू असं ठरवलं होतं, हेही खरं आहे. उद्या लग्न होतं, परवा तुम्ही बाहेरगावी गेलात, नंतर लाज वाटली, आणि मग चौदा महिने मी मूग गिळून बसले. पण सगळं कोपरावर ढकलणार नाही. आई-बाबा गेल्यापासून तुझ्यापर्यंत पोचणारं प्रत्येक बोलणं माझ्या हातांतून गेलं होतं. आधी तुझी बायको आली. आता हा माणूस तुझ्याशेजारी बसायला मागत होता. मला हेवा वाटला, धाकट्या. मोठी बहीण असून वाटला.

परवा आरशासमोर उभी राहून मी त्यांचं सगळं बोलणं पूर्ण खुणांत करून पाहिलं, हात कुठेही आखडता न घेता. जसं आठवतं तसं लिहिते. शब्द त्यांचे आहेत.

"पोरीने तुझ्याबद्दल सांगितलं तेव्हा मी चार दिवस जेवलो नाही धड. करवतीशी काम करणारा माणूस, मागून कुणी ओरडलं तर कळणार नाही, पोरीचं कसं होईल, हेच डोक्यात. मग प्लायवूड बघायचं निमित्त काढून तू काम करतोस तिथे आलो. तू मला ओळखत नव्हतास. तू मशीनच्या टेबलावर हात ठेवला होतास. ठेवल्या ठेवल्या मशीन बंद केलंस आणि पातं उतरवलंस. मी जवळ जाऊन बघितलं, धार गेली होती. मी चाळीस वर्षं आवाजावरून धार ओळखतो. मला कळलं नव्हतं.

"मला कळलं नव्हतं, कारण माझे कान चाललेत. डॉक्टर म्हणतात, वर्ष-दीड वर्ष. घरात कुणाला सांगितलेलं नाही, पोरीलाही नाही. मला भीती वाटते. कामाची नाही, त्या शांततेची वाटते. तू तिथेच राहतोस. माझ्याकडे ये. पगारी माणूस म्हणून नको, शेजारी बैस. हाताने कसं ऐकायचं ते मला शिकव. शिकवशील का?"

ह्याला तू बघू म्हणालास, असं ते आजपर्यंत धरून बसले आहेत.

तुझी बायको लिहिते, की वडील हल्ली हाक मारली तरी ओ देत नाहीत, रुसलेत. ते रुसलेले नाहीत. तिला हे तू सांगू नकोस, त्यांचं त्यांना सांगू दे.

माझ्यावर रागावण्याचा तुला पूर्ण हक्क आहे. वर्षभर मान फिरवलीस तरी मी तक्रार करणार नाही. पण आधी वर्कशॉपवर जा. मला बोलावू नकोस, बायकोलाही मध्ये घेऊ नकोस. त्यांनी विचारलेलं आता तुझ्यापाशी पोचलं आहे आणि उत्तर तुझ्या हातात आहे. त्यांचा हात धर आणि चालू मशीनच्या टेबलावर ठेव. दुभाषी लागणार नाही.

तुझी,
एवढं सगळं चौदा महिने तुझ्यापासून अडवून ठेवलेली,
ताई