मोठ्या बाईंचा निळा ड्रेस

ता. २ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बाबा बरे आहेत, खोकला गेला, चिडचिड तेवढी मागे ठेवून गेला. मीही बरी आहे, पण परवापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहायला बसले. शिलाईच्या दुकानात मास्तर आता मला नुसती काज-बटणं देत नाहीत, बायकांची मापंही घेऊ देतात. गिऱ्हाइकांना मात्र मी त्यांची भाची आहे असंच सांगतात. शवागारात काम करणाऱ्याची मुलगी म्हटलं तर कोणी अंगाला हात लावू देणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मीही ते आजवर मुकाट्याने ऐकून घेतलं.

परवा दुकानात माझ्या शाळेच्या मोठ्या बाई आल्या. पाचवीत असताना सगळ्या वर्गासमोर उभं करून त्यांनी माझे हात हुंगले होते. बाप मढी धुतो, त्या घरच्या हातांचा काय भरवसा, असं म्हणून मला वेगळ्या बाकावर बसवलं होतं. हात पाठीमागे ठेवायचे आणि कशाला शिवायचं नाही, असा हुकूम. ते वर्ष पुरं व्हायच्या आत माझी शाळा सुटली. आता त्या निवृत्त होतायत आणि निरोप समारंभासाठी त्यांना निळा ड्रेस हवा आहे.

त्यांनी मला ओळखलं नाही. मी माप घेत असताना मास्तरांना म्हणाल्या, की मुलीच्या हाताला छान वळण आहे, चांगल्या घरची दिसते. आत्या, तेव्हा माझ्या हातात टेप होती आणि टेप त्यांच्या गळ्याभोवती होती. पुढचं काही लिहीत नाही.

आत्तोबांना नमस्कार, ताईला आठवण. लोभ असावा, माझ्या रागासकट असावा.

तुझी भाची


ता. ७ मार्च

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता माझं दूध उतू गेलं आणि मी ते तसंच जाऊ दिलं. डोक्यात अशी तिडीक गेली की शेगडी बंद करायचं सुचेना. माझं पहिलं ठरलेलं लग्न दादाच्या नोकरीवरून मोडलं, तेव्हा त्या लोकांच्या कानाला लागणारी अशीच कोणीतरी बाई होती. मी तिला अजून रोज शिव्या घालते, नाव माहीत नसल्यामुळे मोघम घालते.

तुझ्यापुढे मात्र बाई स्वतःच्या पायांनी चालत आली आहे, तेव्हा तिला सुकी सोडू नकोस. दादाचा तो टाका तुला येतो ना? मयताचे हात वाकत नाहीत, म्हणून तो कपडा मागून उभा उसवतो, समोरून चढवतो आणि पाठीला लांब धावदोरा घालतो. शेवटी गाठ मारत नाही. घरच्यांनी दुसरे कपडे आणले तर एका ओढीत निघावं म्हणून. बाईंच्या ड्रेसला कमरेखाली मागे तोच टाका घाल. उभ्या आहेत तोवर कोणाला कळणार नाही. सत्कार म्हटला की वाकणं आलंच, आणि वाकल्या की पुढचं दोरा बघून घेईल. मी इथे बसून टाळ्या वाजवीन.

ताईच्या लग्नाचं कुठे कुठे बोलणं चालू आहे, नक्की झालं की कळवते. दादाच्या खोकल्यावर लक्ष ठेव आणि लोभ आहेच, तो वाढव.

तुझी आत्या


ता. १५ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं, आणि मग सगळा घोळ झाला. बटणं मढवायची होती म्हणून ड्रेस घरी आणून खाटेवर पसरला होता. बाबा कामावरून आले, त्यांनी सहज मागची बाजू उलटून पाहिली आणि थबकले. हात धुऊन आले, इस्त्री तापवली आणि तो ड्रेस अगदी सावकाश, कॉलरपासून खालपर्यंत इस्त्री करायला लागले. मग हळू आवाजात मला विचारलं, की कुठल्या घरच्या होत्या, कधी गेल्या, फार दिवस अंथरुणावर होत्या का. त्यांना वाटलं, कोणीतरी गेलं आणि घरच्यांनी कपडे आपल्याकडे पाठवले.

बाई जिवंत आहेत हे सांगावंच लागलं. सगळं सांगितलं. बाबांनी इस्त्री उभी केली आणि खाली बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, की ज्याला दुखतंय म्हणून सांगता येत नाही त्याचा हात मुरगळायला लागू नये, एवढ्यासाठी तो टाका आहे, आणि तू तो चेष्टेला वापरलास. माझाही पारा चढला. मी म्हटलं, की मला वेगळ्या बाकावर बसवलं तेव्हा तुम्ही शाळेत येऊन एक शब्द बोलला नाहीत. ते हो म्हणाले. नुसतं हो. मग आम्ही दोघेही जेवलो नाही.

मी दोरा ओढून काढला आणि मशीनवर दुहेरी टीप मारली. आत्या, याला माफी समजू नकोस. फजिती झाली असती तर बाईंनी मास्तरांच्या मशीनला नावं ठेवली असती. त्यांना कळायला हवंय, की हे हात कोणाचे आहेत.

बाकी ठीक. तू चिडशील, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी भाची


ता. २० मार्च

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

चिडले आहेच. हातातोंडाशी आलेला घास टाकलास. शेवटी बापावर गेलीस, मला वाटत होतं माझ्यावर गेली आहेस. आता जे करशील ते कर, पण करशील तेव्हा मागे हटू नकोस. असल्या लोकांपुढे मान खाली घातली की ती कायमची खालीच राहते.

आता गोड बातमी. ताईचं जमत आलं आहे. मुलाकडची माणसं पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्याकडे जेवायला येणार आहेत. मामा म्हणून दादा हवाच आणि तूही हवीस. फक्त दादाला नेहमीचं तेवढं आठवण करून दे. तो हॉस्पिटलच्या ऑफिसात आहे, इतकंच इथे सगळ्यांना माहीत आहे, अगदी आत्तोबांनासुद्धा. इतकी वर्षं निभावून नेलं, आणखी एक दिवस. त्याचा तो काळा कोट घालून यायला सांग.

आल्यावर बोलूच. लोभ आहे, तो प्रत्यक्ष दाखवायला या.

तुझी आत्या


ता. २९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

झालं एकदाचं. बाई शेवटचं घालून बघायला आल्या. मास्तर बाहेर कापड बेतत होते, पडद्याआड आम्ही दोघीच. पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत बारीक बटणं आहेत, बाईंनीच हौसेने सांगितलेली. मी ती सगळी लावली. ड्रेस असा बसला, की त्या आरशासमोरून हलेनात. तेव्हा मी सांगितलं. मी मास्तरांची भाची नाही, शवागारातल्या माणसाची मुलगी आहे, पाचवीतली, वेगळ्या बाकावरची. हात हुंगल्याचंही सांगितलं, काही बाकी ठेवलं नाही.

त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, की आत्ताच्या आत्ता हे काढ. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि म्हटलं, की कशाला शिवायचं नाही हे तुम्हीच शिकवलंय. मग त्या स्वतः प्रयत्न करायला लागल्या. वरून हात पोचेना, खालून पोचेना. मास्तरांना हाक मारावी तर पुरुष माणूस. बसल्या, उठल्या, घामाघूम झाल्या. मी बघत उभी राहिले. मला फार बरं वाटलं आत्या, खोटं कशाला लिहू. शेवटी म्हणाल्या, की काढून दे. मी विचारलं, कोणी. तेव्हा त्यांना म्हणावं लागलं, की तू काढ, तुझ्या हातांनी काढ. मग मी बटणं काढली, वरून खाली, एकेक, सावकाश. त्यांच्या मानेवर काटा आलेला मला दिसत होता.

ड्रेस तिथेच टाकून त्या गेल्या. समारंभाला जुना तपकिरी घातला होता म्हणे. मास्तरांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, आता गिऱ्हाइकं तुटतील. मी म्हटलं, मला काढायचं तर काढा, पण आजपासून मी तुमची भाची नाही. ते बराच वेळ कात्री पुसत बसले. दुसऱ्या दिवशी गेले तर माझ्या मशीनवर काम ठेवलेलं होतं. दोन बायका आपलं कापड परत घेऊन गेल्या आहेत. बाबांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, की गडबडीत बाई पडल्याबिडल्या नाहीत ना.

आता तुझ्याविषयी. तुझा निरोप मी बाबांना वाचून दाखवला. ते बरं म्हणाले आणि कोट झटकायला घेतला. ते ऑफिसातले होऊन यायला तयार आहेत. मी नाही. तुझ्या घरी कोणी विचारलं, तर मी शवागार म्हणेन. मान खाली घालू नकोस असं मला लिहितेस आणि त्याच कागदावर बाबांची मान खाली घालतेस, याचा मला बाईंपेक्षा जास्त राग आला. ताईचं मोडेल अशी भीती वाटत असेल, तर आम्हाला बोलावू नकोस. पण का बोलावत नाहीस ते बाबांना तू स्वतः लिही. तो निरोप मी पोचवणार नाही.

लोभ किती ठेवायचा ते तू ठरव.

तुझी भाची


ता. ३ एप्रिल

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आलं त्या दिवशी तुझ्यावर दात-ओठ खाल्ले. जिला चिथावलं ती कार्टी माझ्यावरच उलटली. दुसऱ्या दिवशी जेवताना मी सगळ्यांना सांगून टाकलं. आत्तोबा घास हातात धरून बसले. म्हणाले, इतकी वर्षं. मग उठले आणि हात धुतले, आणि थोड्या वेळाने जाऊन पुन्हा धुतले. ताई रडली, मग तिनेच जाऊन मुलाला सांगितलं. ती माणसं रविवारी येणार आहेत. पण तो मुलगा मध्येच गप्प झाला होता, असं ती म्हणते.

दुसऱ्यांदा हात धुणाऱ्या माझ्या नवऱ्याच्या पाठीकडे मी बघत होते. माझं लग्न मोडणाऱ्या लोकांचा मला कधी इतका राग आला नव्हता. आमचं बोलणं बंद आहे.

दादाला सांग, कोट नको, त्याला आवडेल ते घालू दे. रविवारी मी त्याला सगळ्यांच्या मधोमध बसवणार नाही, उभा ठेवणार आहे. मी काही वाढणार नाही. तोच वाढेल, प्रत्येकाला, त्याच्या हातांनी. आत्तोबांना पहिलं. कोण जेवतं आणि कोण उठतं, ते मी दारात उभी राहून बघणार आहे. दार उघडंच ठेवते आहे, ज्याला उठायचं त्याला अडचण नको.

लोभ आहेच. भूक ठेवून या.

तुझी आत्या