पूर्वेचं दार

लिहून ठेवते मी, विजया हिरालाल सुखदेवे, वय बहात्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार पुरानी बस्ती, रायपूर, की माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावं. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझा धाकटा मुलगा बुद्धभूषण मार्चमध्ये हार्ट अटॅकने गेला. तेव्हापासून मला काही वाटेनासं झालं आहे. डॉक्टरांनी ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

१. घर. हे १९७९ साली माझ्या नावावर घेतलं. माझे पती हिरालाल रेल्वेत फिटर होते, त्यांची बदली कधीही होई. मी शाळेमुळे इथेच राहणार होते. एकामागे एक तीन खोल्या, मातीच्या जाड भिंती, वर कवेलूंचं कौलारू छप्पर, पूर्वेला दार आणि दारापुढे विहिरीचं सामाईक अंगण. विकणाऱ्याचे भाऊ शेजारी राहत. घर कोणी घेतलं हे त्यांना रजिस्ट्रीनंतर कळलं. आम्ही सामान घेऊन आलो तर दार विटांनी बुजवलेलं, चौकट तशीच ठेवून. विहीर बाटू नये म्हणून.

हिरालाल म्हणाले, "विजू, आपल्याले राहायले घर पाहिजे, भांडायले नाही." त्यांनी मागच्या भिंतीत दार पाडलं. तिथून गल्लीत जायला काटकोनात वळणारा अरुंद बोळ आहे. बुजलेल्या चौकटीत त्यांनी फळी ठोकली आणि बुद्धमूर्ती ठेवली. आमच्या घरात वंदना त्या दारापुढेच होत आली. खरेदीखतात मात्र ते दार आणि अंगणातून जाण्यायेण्याचा हक्क आजही आहे.

२. लोखंडी कपाट. बोळात वळेना, म्हणून कवेलू काढून वरून उतरवलं. नंतर हिरालालांनी हौसेने स्लॅब टाकला. आता ते निघत नाही, तेव्हा ज्याचं घर त्याचंच कपाट.

३. थोरला मुलगा लोकेश याचं समता कॉलोनीत दुमजली घर आहे, दोन्हीकडून दारं असलेलं. भावाला जाऊन आठवडा झाला नव्हता तेव्हा तो परछीत, म्हणजे ओसरीवर, बसून म्हणाला, "आई, दीक्षाले तिच्या माहेरी धाडून दे. घर बिल्डरले देऊन टाकू." दीक्षा म्हणजे बुद्धभूषणची बायको. ती आत भाकरी करत होती. थापण्याचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. रात्री मला जेवायला वाढताना ती एवढंच म्हणाली, "मम्मी, मुझे कुछ नहीं चाहिए. बस निकालना मत."

लोकेशला त्याच्या वडिलांचं हत्यारांचं खोकं आणि ड्युटीचा कंदील द्यावा. त्याने मागितलेला नाही, तरी द्यावा. त्याच्यावर माझा राग आहे, आणि सध्या मला तेवढंच एक जाणवतं.

४. घर, कपाटासह, संपूर्ण मालकीने दीक्षाला. तिने पुन्हा लग्न केलं तरी तिचंच. कोणी तिला काढू पाहिलं तर हा कागद दाखवावा.

५. पूर्वेचं दार उघडावं, असं बुद्धभूषण दर पावसाळ्याआधी म्हणायचा. मीच म्हणायचे, "काहून उकरून राहिला? शेजार आहे." आता शेजारी त्या भावांची नात राहते. विहीर कधीचीच झाकली आहे. हिरालाल बिलासपूरला ड्युटीवर असताना वारले, तिथेच त्यांचे अंत्यविधी झाले, म्हणून बोळाचं आम्हाला ठाऊक नव्हतं. बुद्धभूषणच्या वेळी कळलं. तिरडी वळेना. तेव्हा शेजारची ती मुलगी धावत आली, म्हणाली, "चाची, हमारे आँगन से ले जाइए ना." पण तिथे विटा होत्या. शेवटी पोरांनी त्याला तिरडीवरून सोडवून, उभा धरून, बोळातून नेलं. त्याचं डोकं लोकेशच्या खांद्यावर होतं. मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

तरी माझ्यामागे विटा काढाव्यात. मूर्ती आतल्या भिंतीवर, उजेडात बसवावी. त्या दारातून दीक्षाने आधी पाऊल टाकावं.

६. माझं प्रेत मात्र त्या दारातून नेऊ नये. ते चालत्या माणसांसाठी आहे. मी गेल्यावर मला बोळातूनच न्यावं, उभी धरून, लोकेशच्या खांद्यावर डोकं टेकवून, बुद्धभूषणला नेलं तसं.

वाचून, समजून सही केली.
विजया हिरालाल सुखदेवे

आमच्यासमोर सही झाली:
चेतना रामटेके, सहशिक्षिका, चौबे कॉलोनी
नीलेश गजभिये, रेल्वे कर्मचारी

रायपूर, ११ ऑगस्ट २०२४