सासूबाईंचा टोमॅटो, जेलमध्ये

३ मार्च
सौ. स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मेहुणीकडे गेली. जाताना चिमूटभर बी हातावर ठेवून म्हणाली, आईचं एवढंच उरलंय. मातीत पेरा आणि बाजूला व्हा, सुधारणा नकोत. सासूबाई गेल्या, त्यांचा हा टोमॅटो आता दुसऱ्या कुणाकडे नाही. बरं म्हणालो. पण नळ-पाइप विकून वर आलेला माणूस मी. पाण्याचं मला कुणी शिकवू नये.

४ मार्च
माती रद्द. झाडांसाठी पाणी धरून ठेवणारं जेल आणलं. चमचाभर पावडर, बादलीभर पाणी, की काचेसारखे गोळे! पाकिटावर ‘मातीत मिसळा’ लिहिलंय. ते भित्र्या लोकांसाठी. काचेच्या बरणीत नुसत्या जेलमध्ये पेरलं. सगळं. थोडं मागे ठेवणं म्हणजे स्वतःवर अविश्वास.

११ मार्च, सकाळी
उगवलं! बरणीतून मुळं दिसतात. फोनवर तिने विचारलं, माती कशी आहे? म्हणालो, तक्रारीला जागा नाही. खोटं कुठे बोललो?

१५ मार्च
गोळे जरा आक्रसलेले वाटले. पाणी वाढवलं. नर्सरीवाला डोकावून म्हणाला, शेठ, मुळांना हवा लागते, बुडवताय तुम्ही त्यांना. पोटदुखी, दुसरं काय! आपले कान तिखट आहेत, पण ऐकायला. मानायला नाहीत.

१९ मार्च
देठ मऊ. वास. रोपं विश्रांती घेत असावीत.

२० मार्च
नाही.

२१ मार्च
डोळ्याला डोळा नाही. त्याच नर्सरीवाल्याकडून टोमॅटोची रोपं आणली. टोमणा मारेल म्हणून तयारीत होतो. त्याने मुकाट्याने बांधून दिली. ते जास्त लागलं. कुंडीत लावली. मातीत. टोमॅटो तो टोमॅटो.

२८ मार्च
आली. काठी टेकत आधी कुंडीशी. पानाच्या कातरलेल्या कडेवरून बोट फिरवलं. परत फिरवलं. म्हणाली, छान आलीत हो. डोळ्यांत पाणी. आनंदाचं. पास झालो!

२९ मार्च
भिंत पातळ. आत ती बहिणीला फोनवर सांगत होती, आईच्या टोमॅटोचं पान सरळ कडेचं असायचं गं, बटाट्यासारखं. ही बाजारातली आहेत. गेलं आईचं बी. नाही, मी नाही विचारणार, सांगतील स्वतःहून. आज उठल्या उठल्या पाणी घालत होते बिचारे, खाली मान घालून.

दुसऱ्याच कुणाच्या टोमॅटोबद्दल असेल.

उद्या चहाच्या वेळी सांगून टाकतो. आज तिचा गुडघा दुखतोय.

३० मार्च
आज जरा जास्तच दुखतोय. कुंडीला पाणी घातलं.