पेदिंगचा वाटा

जनरल सांतोस बंदर, ८ मार्च २०१५

ती. नेनिताताईस, धाकट्याचा डाव्या हाताने नमस्कार, वि. वि.

अक्षराला हसू नकोस. उजव्या हाताची दोन बोटं माझ्याबरोबर मासे धरणाऱ्या आंबोने मोडली.

बोटीवरच्या आम्हा बारा जणांची भिशी माझ्या खात्यावर असते, स्वतःची बोट घ्यायला. न पाहिलेल्या बापामुळे मी अमेरिकन, आणि अमेरिकन माणसाचे पैसे बँक बुडवत नाही, असं ह्यांचंच डोकं. परवा बँकेतल्या बाईने विचारलं, अमेरिकन का? मी छाती फुगवून हो म्हटलं, सही ठोकली. मग म्हणते, परदेशातल्या खात्यात दहा हजार डॉलरच्या वर गेलं की दरवर्षी तिकडच्या सरकारला कळवावं लागतं. परदेश म्हणजे आपलंच गाव बरं का! आमचे तर साडेपाच लाख पेसो, म्हणजे बारा हजारांवर डॉलर.

दारू पिताना मी हे गंमत म्हणून सांगितलं. आंबो म्हणाला, साहेब आमचा घाम बापाला पाठवणार वाटतं. लगेच माझा हात मासे कापायच्या फळीवर दाबून सोटा घातला. मीही त्याच्या कानाचा तुकडा तोडला. आमच्यातला म्हातारा पेदिंग मध्ये पडला म्हणून मी जिवंत आहे. सगळे म्हणतात, पैसे काढ. काढू का?

माया पातळ करू नकोस.

तुझा सांतो

ओलोंगापो, १९ मार्च

चि. सांतोस, कान खाणाऱ्यालाही ताईचे आशीर्वाद.

रडले, मग गल्लीतल्या म्हाताऱ्या डेलकडे गेले. तो अमेरिकन दरवर्षी हा कागद भरतो आणि दरवर्षी शिव्या घालतो. म्हणाला, कळवणं म्हणजे देणं नव्हे. पैसे भिशीचे आहेत असं सांगायचं, कोणी नेत नाही. लपवलंस तर मात्र दंड सगळं गिळेल. काढूनही सुटका नाही, वर्षात खात्यावर जास्तीत जास्त जेवढे होते, तोच आकडा लिहायचा असतो.

पैसे काढू नकोस. हे पत्र आंबोला वाचून दाखव. जिवाला जप, एवढंच मागणं.

तुझी ताई

जनरल सांतोस, २९ मार्च

ती. ताईस, नमस्कार.

पत्र उशिरा पोचलं. मंगळवारी पैसे काढून डेकवर वाटत होतो. आंबो म्हणाला, पेदिंग आजारपणात घरी होता, त्याला अर्धंच. पेदिंगने फक्त हात पुढे केला, बाकीचे कुठे म्हणून. आंबोने गळाचा आकडा त्याच्या बरगडीखाली घातला, माशाला घालतो तसा, सवयीने. पेदिंग तिथेच गेला. मी वल्ह्याने आंबोला हाणत राहिलो. पोलिसांनी ओढलं तेव्हा त्याचा एक डोळा गेला होता.

मला सोडल्यावर परत आलो, तर पोरांनी रक्ताच्या नोटा धुऊन दोरीवर वाळत घातल्या होत्या. त्यांच्याखाली बसून मी तेव्हाच पोचलेलं तुझं पत्र मोठ्याने वाचलं. पोरं नोटा उलटत राहिली.

खातं आता रिकामं आहे. तरी डेलला सांग, माझा कागद भर, आकडा पुरा लिही, एक पेसो कमी नको. त्यात पेदिंगचा वाटा पूर्ण आहे. तेवढ्या एका जागी आम्ही बारा जण अजून एकत्र आहोत.

आहे त्या सांतोवर लोभ ठेव.

तुझा सांतो