उड्डाणाच्या फोटोतली ही

२ फेब्रुवारी

शाळेतला तो आवाज अजून कानात आहे. भाषेच्या गुरुजींनी घरचा रेडिओ सायकलला बांधून वर्गात आणला होता, कुठल्याशा यानाचं उड्डाण ऐकवायला. आधी नुसती खरखर, मग कुणी जाडंभरडं कापड टरटरा फाडावं तसा आवाज. आम्ही पोरं श्वास रोखून बसलेली. आवाज विरला तसे गुरुजी म्हणाले, गेलं बरं का, आता कवितेचं पान काढा.

आज तोच आवाज स्वतःच्या गच्चीवरून ऐकला! खाडीपलीकडे उड्डाणतळ आहे, त्यासाठी तर या वयात बिऱ्हाड हलवलं. ट्रंका अजून दोरीत बांधलेल्या आहेत, स्वयंपाकघरात गाळणं सापडत नाही, आणि मी उभा गच्चीवर तोंड वासून. ही म्हणाली, लोक म्हातारपणी लेकीजवळ जातात, तुम्ही रॉकेटजवळ आलात. पण जिने चढून माझ्याआधी वर पोचली होती तीच.

९ फेब्रुवारी

पहिला फोटो. दिवेलागणीचं उड्डाण. तिपाईवर कॅमेरा बसवायचा, शटर उघडायचं आणि यान दिसेनासं होईपर्यंत उघडंच ठेवायचं. मग अख्खा प्रवास एका सोनेरी कमानीसारखा उमटतो. मी घड्याळ लावत नाही. शाळेतली कविता म्हणतो, ती संपली की शटर बंद:

उंच चालली नौका माझी
निळ्या नभाच्या लाटांवरती;
तीरावरचे दिवे मिणमिणत
मागे उरले हात हलविती.

अशी चार कडवी. चारही पाठ आहेत, काल काय खाल्लं ते मात्र विचारू नये.

चौकटीत कोपऱ्यात माणूस हवा, त्याशिवाय आभाळाची उंची कळत नाही. म्हणून हिला वेताच्या खुर्चीत बसवलं. हलायचं नाही, अशी ताकीद. ही पुटपुटली की लग्नात फोटोवाल्यानंसुद्धा इतकं छळलं नव्हतं. पण बसली, अगदी देवळातल्या मूर्तीसारखी. फोटो झकास आला. स्वेटरची बटणं मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट.

२१ फेब्रुवारी

दुसरं उड्डाण. कमान सुरेख, पण ही पुसट आली आहे. तिच्यातून खुर्चीची वीण दिसते. हललीस म्हणून मी रागावलो. तिनं उलट ऐकवलं की हलायला अंगात जीव तर हवा, जिना चढूनच तो संपला.

फोटो घेऊन कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तो हसला. म्हणाला, काका, शटर उघडं असताना माणूस उठून गेला की असाच आरपार दिसतो. काकू मध्येच चहा टाकायला गेल्या असणार. मी मान डोलावली. पण कविता म्हणताना माझी नजर हिच्यावरच होती. ती उठली नव्हती.

४ मार्च

पहाटेचं उड्डाण. मीच हट्ट धरला, ही नको म्हणत होती. आजच्या फोटोत खुर्ची आहे, खुर्चीवर धुक्याचा एक लोळ आहे, आणि त्यात स्वेटरचं एक बटण.

शेजारी निवृत्त नर्सबाई राहतात, स्वभावानं फटकळ. त्यांनी हिला वजनकाट्यावर उभं केलं, मग काटा हलवून पाहिला, मग स्वतः उभ्या राहिल्या. म्हणाल्या, काटा बरोबर आहे, तुम्ही बायकोला उपाशी ठेवता की काय? ही पूर्वीइतकंच जेवते. मी वाढतो, मला ठाऊक आहे.

ही बसली की वेताची खुर्ची आता करकरत नाही.

७ मार्च

लेकीचा फोन. ही तिच्याशी बराच वेळ बोलली, नातवाचे दात, घराचा रंग, सगळं. मग फोन माझ्याकडे दिला. लेक चिडलेली. म्हणाली, बाबा, किती वेळ नुसता फोन धरून ठेवलाय, आईला द्या ना.

मी हिच्याकडे पाहिलं. तिनं ऐकलं होतं. ती तांदूळ निवडायला बसली, आणि तिच्या बोटांखाली दाणे हलत नव्हते.

१२ मार्च

आज उड्डाण झालं. मी कॅमेरा काढला नाही. दोघं खिडक्या लावून, एकमेकांचे हात धरून बसलो. आवाज आला, गेला. ही होती तेवढीच राहिली.

म्हणजे उड्डाण नव्हे. फोटो. मीच —

डॉक्टर येऊन गेले. अशक्तपणा म्हणाले, टॉनिक लिहून दिलं. त्यांना हिची नाडी सापडली नाही, पण ते त्यांनी माझ्यापासून लपवलं. दोनदा बोटांची जागा बदलली, ते मी पाहिलं.

१४ मार्च

हिचा पलंग पुढच्या खोलीत आणला, दाराशेजारी. मी एकटाच उचलू शकतो तिला. उन्हात वाळलेली चादर उचलावी तशी.

वर्तमानपत्रात आहे की परवा संध्याकाळी एक यान परत येतंय. दिवस मावळता आपल्याच डोक्यावरून जाईल.

वर जाताना जे गेलं ते खाली येताना परत येणार नाही का? गेलेलं यान येतंच ना? मग त्याचाही फोटो. हिला खुर्चीत बसवून, तीच कविता म्हणून.

हिला सांगितलं. तिनं मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, ते मला कळलं नाही. मी हो धरलं.

१६ मार्च

झालं! आभाळावर केशरी चरा उमटला, जळत आला, क्षितिजाआड विझला. शटर उघडून कविता म्हटली. चारही कडवी, न चुकता.

फोटोत ही आहे! सगळीच्या सगळी. गालावर मांस, बटणं लख्ख. हसते आहे.

धावत खाली — नाही, आधी हिला उचलून खाली आणलं. तेव्हा लक्षात आलं. अजून तेवढीच हलकी. आणि गच्चीवर तिचे डोळे सबंध वेळ मिटलेले होते. हसली नव्हती ती.

मग फोटोत कोण —

१७ मार्च, सकाळ

दारावर थाप. दूधवाला वाटला.

अहो, उघडा, म्हणते. हिचा आवाज. पूर्वीचा, भरलेला, थोडा चिडका. म्हणते, खाडीपासून चालत आले, पाय दुखतात, किती वाट बघायला लावाल?

ही इथे आहे. पलंगावर. माझ्या डाव्या हातात तिचा हात आहे.

पलंगालगतच्या खिडकीतून पाहिलं. तोच स्वेटर. चेहऱ्यावर रंग. मला पाहून हसली, फोटोतल्यासारखी. काय भूत पाहिल्यासारखं बघता, म्हणाली.

पलंगावरची कुजबुजते. कान तोंडाशी न्यावा लागतो. म्हणते, मी कुठेच गेले नव्हते हो. उघडू नका.

बाहेरची विचारते, आत कोण आहे? कुणाशी बोलताय?

थाप वाढली. प्रत्येक थापेला हातातला हात हलका होतो —

उजव्या हातात पेन आहे. पेन खाली ठेवल्याशिवाय कडी काढता येत नाही. म्हणून लिहितो आहे. लिहीत राहायचं. काहीही. उंच चालली नौका माझी निळ्या नभाच्या —

बाहेरची पुढची ओळ म्हणते आहे. किती गोड म्हणते. किती दिवसांनी इतक्या मोठ्यानं —

नाही उघडणार. ही इथे आहे. डाव्या हातात आहे. मी बघत नाही, पण आहे, बोटं मिटलेली आहेत, त्यांच्यात तिचा