लायटिंगला बसायचं कुणी?

३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही हुंकाराशिवाय काही देत नाही. परवा तर उजेडाबद्दल विचारायचं असेल तर लिहून पाठव, असं सांगून फोन सरळ आत्याच्या हातात दिलात. म्हणून हे पत्र. अक्षराला हसू नका, ते सुधारायचं वय गेलं.

बातमी अशी की मला सिनेमा मिळाला. पूर्ण लांबीचा, आणि कॅमेरा सर्वस्वी माझ्याकडे. आजवर दुसऱ्यांच्या हाताखाली लेन्स पुसल्या, केबली गुंडाळल्या. आता चुकलं तर खापर माझ्याच डोक्यावर. गोष्ट साधी आहे. एक बाई आयुष्यभर टायपिंगचा क्लास चालवते आणि तो बंद करायची वेळ येते. जवळजवळ सगळं एकाच खोलीत घडतं. खोली खऱ्या क्लासचीच मिळाली आहे. दुसरा मजला, डाव्या हाताला मोठी खिडकी, खिडकीबाहेर अरुंद गॅलरी, भिंती पांढऱ्याशुभ्र. शेवटच्या दृश्यात बाई खिडकीशी बसते, मशीनवर कापड घालते आणि नुसती बघत राहते. एक शब्द बोलत नाही. सगळा सिनेमा त्या एका चेहऱ्यावर उभा आहे, आणि तोच मला जमेल की नाही या धास्तीने माझी झोप उडाली आहे. महिनाअखेरीला खोली परत द्यायची, म्हणून ते दृश्य अगदी शेवटच्या दिवशी ठेवलंय.

निर्माते म्हणतात, एक तर भारीतला कॅमेरा घ्या नाही तर दिवे घ्या. दोन्ही झेपणार नाही. दिग्दर्शिका माझ्याच वयाची आहे, ती कॅमेऱ्याकडे झुकली आहे. तुम्ही स्टुडिओत कॅमेरामन असताना काय घेतलं असतं?

आणि दुसरं. त्या शेवटच्या दिवशी तुम्ही याल का? एवढा एकच क्लोजअप. आई गेल्यापासून तुम्ही स्टुडिओची पायरी चढला नाहीत हे मला ठाऊक आहे. पण हा काही स्टुडिओ नाही. साधी खोली आहे.

आत्याला नमस्कार. लोभ आहे हे मी धरूनच चालते. उत्तर आलं तर तो दिसेलही.

तुमची,
मुंगी


८ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर वाचायला आत्याची मदत घ्यावी लागली, पण आनंद मला एकट्यालाच वाचता आला.

कॅमेरा मधला घे. हल्लीच्या कॅमेऱ्यांत चांगला आणि फार चांगला यांतला फरक प्रेक्षकाला दिसत नाही. चेहऱ्यावरचा वाईट उजेड मात्र शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसतो. उरलेल्या पैशांत एक चांगली लेन्स घे, चेहऱ्याजवळ जाणारी. नाक मोठं करणारी रुंद लेन्स नको. दोन दिवे पुरे. आणि काळं कापड घे, वाटतं त्याच्या दुप्पट. तुझ्या खोलीच्या भिंती पांढऱ्या आहेत, म्हणजे एका खिडकीचा उजेड चारी बाजूंनी परत येणार आणि चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा सपाट दिसणार. उजव्या हाताची भिंत काळ्या कापडाने झाक. उजेड आणणं सोपं असतं. काढून घेणं शिकायला मला निम्मी नोकरी लागली.

कॅमेरा न घेता एक अख्खा दिवस त्या खोलीत जाऊन बस. ऊन कधी आत येतं, समोरच्या इमारतीवरून कधी उलटं येतं, ते बघ. खोलीतल्या ट्यूबलाइट बंद कर. त्यांचा हिरवट रंग खिडकीच्या उजेडात मिसळला की माणूस आजारी दिसतो. खिडकीवर पातळ पांढरं कापड ताण आणि तुझा मोठा दिवा बाहेर गॅलरीत ठेव. मग ढग आले काय आणि गेले काय, तुझी दुपार तुझ्या ताब्यात राहील. एक्स्पोजर चेहऱ्याला धर. खिडकी पांढरी पडून थोडी जळाली तर जळू दे. मॉनिटरच्या पडद्यावर विसंबू नकोस, तो खोलीतल्या उजेडाप्रमाणे खोटं बोलतो. उजेड मोजायचं माझं मीटर सोबत पाठवतो आहे. चामडी पाकिटाचं बटण तुटलंय, सांभाळून काढ.

यायचं म्हणशील तर गुडघे साथ देत नाहीत. दुसरा मजला म्हणालीस. तुला माझी गरजही नाही.

प्रकृतीला जप, शूटिंगच्या दिवसांत वेळेवर जेव. माया जिथल्या तिथे आहे.

तुझे,
बाबा


११ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

दादाने तुला गुडघ्यांचं कारण कळवल्याचं समजलं. हे गुडघे रोज सकाळी टेकडीवर जाऊन येतात आणि वाटेत दोन ठिकाणी गप्पा मारायला थांबतात. तुला खरं काय ते कळावं म्हणून लिहिते आहे. त्याला सांगू नकोस, नाही तर माझा चहा बंद होईल.

तुझं पत्र आल्यापासून त्याने माळ्यावरचा जुना दिवा खाली काढलाय. संध्याकाळी खिडकीजवळची वहिनीची खुर्ची मांडतो, दिवा लावतो आणि समोर बसतो. मग उठून दिवा जरासा सरकवतो, परत बसतो. खुर्ची रिकामीच असते. मी एकदा म्हटलं, दादा, मी बसते हवं तर. त्यावर म्हणाला की तुझं नाक आडवं येईल. काय बोलणार अशा माणसाशी!

तुला पुरतं ठाऊक आहे की नाही कोण जाणे, पण तुझी आई स्टुडिओत आली ती लायटिंगला बसायला. हिरॉइन येईपर्यंत तिच्या जागी कुणी तरी बसावं लागतं ना, तसं. हिरॉइनच्याच उंचीची, तशाच रंगाची म्हणून वहिनीला घेतलं होतं. दिव्यांच्या धगीत तासन्‌तास बसायची, मांडीवर विणकाम. उजेड लागला की उठायची, आणि हिरॉइन येऊन त्या तयार उजेडात बसायची. किती सिनेमांचा उजेड तिच्या चेहऱ्यावर लागला असेल, आणि एका फ्रेममध्ये ती नाही. स्टुडिओत दादाला सगळे कासव म्हणायचे, एक चेहरा उजळायला अर्धा दिवस घेतो म्हणून. हिरॉइनची तक्रार वेगळीच. तिचं म्हणणं, हा उजेड मला नीट बसतच नाही, कुणा दुसरीचा झंपर घातल्यासारखं वाटतं. खरंच होतं तिचं!

तू त्याला सोडू नकोस. चिकाटीत तू वहिनीवर गेली आहेस. माझ्यावरची माया अशीच चालू ठेव, आणि येताना चांगल्या सुया आण.

तुझी,
आत्या


१८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मीटर पोचलं. पाकिटाला नवं बटण लावलंय. मधला कॅमेरा, एक लेन्स, दोन दिवे आणि कापडाच्या दुकानदाराने कुणाच्या घरी काय झालं म्हणून हळूच विचारावं इतकं काळं कापड, असा संसार मांडलाय. उजवी भिंत झाकली आणि खोलीला एकदम खोली आली. दिग्दर्शिका आता महागड्या कॅमेऱ्याचं नावही काढत नाही.

पण शेवटच्या क्लोजअपची चाचणी फसतेय. आमच्या नटीबाई नाटकाच्या तालमीतून उशिरा येतात, त्यामुळे उजेड त्यांच्याशिवायच लावावा लागतो. मी स्टँडवर फुटबॉल बसवला आणि त्याला रुमाल बांधला. सगळे तिला फुटबॉलबाई म्हणतात, चहाही आधी तिलाच विचारतात. तिच्यावर उजेड असा सुंदर पडतो की बघत राहावं. मग नटीबाई त्या जागी बसतात आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. काल तीनदा दिवे हलवले. शेवटी त्या दमल्या आणि मी रडकुंडीला आले. खोली आता थोडेच दिवस हातात आहे. हा चेहरा नाही मिळाला तर सिनेमाला शेवटच नाही.

बाबा, आई लायटिंगला बसायची ना? तेव्हा तुम्ही नेमकं काय करत होतात? मला तिचा एकच फोटो आठवतो, उन्हात डोळे बारीक केलेला. तोंडावर आडवा हात. तुम्ही तिच्यावर कधी कॅमेरा चालवला नाहीत का? चार सेकंदही? रागावू नका. हल्ली त्या खिडकीशी उभी राहिले की तिची फार आठवण येते, आणि आठवायला गेलं की चेहरा नीट दिसत नाही.

उत्तराची आणि तुमची, दोन्हींची वाट बघते. माया आटू देऊ नका.

तुमची,
मुंगी


२१ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

त्या फुटबॉलला आधी खेळायला पाठव. फुटबॉलला भुवई नाही, खोबण नाही, नाक नाही. त्याच्यावर कुणीही उजेड लावील. आणि तो कंटाळत नाही. माणूस खुर्चीत बसल्यावर पहिला काही वेळ चेहरा धरून ठेवतो. मग कंटाळतो, मान थोडी कलते, खांदे खाली येतात. तिथून पुढे उजेड लावायचा. म्हणून जिवंत माणूस बसव आणि त्याच्या हातांना काही तरी काम दे.

आता नीट वाच. मोठा दिवा गॅलरीत, कापडाच्या मागे, बसलेल्या माणसाच्या डोक्याहून हातभर वर, आणि चेहऱ्याच्या थोडा पुढे. नाकाची सावली उजव्या गालावर उतरली पाहिजे, पण ओठाला शिवता कामा नये. उजव्या डोळ्याखाली उजेडाचा लहानसा त्रिकोण उरेल. तो दिसला की थांब. मग उजेड परत चेहऱ्यावर टाकायला मांडीच्या उंचीवर पांढरा थर्माकोल धर आणि मागे मागे ने, तो आहे हे कळेनासं होईपर्यंत. लेन्सच्या अगदी शेजारी एक छोटा मंद बल्ब, त्याचा ठिपका डोळ्यात दिसेल एवढाच. खड्डे जातील. माणूस पापण्या खाली करून हातातल्या कामाकडे बघेल तेव्हा पापणीवर उजेड बसतो का ते बघ. वर बघितल्यावर सगळेच बरे दिसतात.

तुझ्या आईबद्दल विचारलंस. कॅमेरा नाही चालवला. फिल्म मोजून मिळायची, आणि लायटिंगला बसणाऱ्या माणसावर ती घालवायची पद्धत नव्हती. तेव्हा मला ते खटकलंही नाही, ती रोज समोर होतीच.

पद्धत अशी होती की उजेड लागला की मी मोठ्याने तयार म्हणायचं. तयार म्हटलं की ती विणकाम गोळा करून उठायची आणि अंधारात जाऊन उभी राहायची. मला कासव म्हणत, आत्याने कळवलंच असेल; तिचे कान इथे आणि पेन तिथे असतं. उजेड माझा केव्हाच लागलेला असायचा. मी आपला दिवा इकडे बोटभर, तिकडे बोटभर. तयार म्हणणं जिवावर यायचं.

असो. एवढ्याने तुझं काम भागेल. माया आटत नसते.

तुझे,
बाबा


२४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फुटबॉलबाईंना निरोप दिला. त्यांच्या जागी बसायला कुणी रिकामं नव्हतं, म्हणून मीच बसले. दिवेवाल्यांच्या हातात तुमचं पत्र दिलं, आणि शर्टाचं तुटलेलं बटण शिवायला घेतलं. ते ओळीओळीने वाचून दिवा सरकवत होते. मला आधी हसू येत होतं, मग कंटाळा आला, मग मी खरंच शिवत राहिले.

जरा वेळाने मी वर बघितलं तर दिग्दर्शिका मॉनिटरसमोर उभी. तिने मला न विचारता रेकॉर्डिंग सुरू केलं होतं. मी उठून बघायला गेले. बाबा, मी आजवर आरशात आईसारखी कधीच दिसले नाही. सगळे म्हणतात मी तुमच्यावर गेले. पण तुमच्या उजेडात, खाली बघताना, ती होती. माझ्या हाडांत कुठे तरी होती आणि मला त्या बाजूने कुणी बघितलंच नव्हतं. त्यातलं एक चित्र छापून सोबत पाठवते आहे.

आता अडचण ऐका. नटीबाई आल्या, त्याच खुर्चीत बसल्या, आणि सावली ओठावर आली. त्रिकोण नाहीच. तुमचा उजेड आईच्या मापाचा आहे. तो उसवून दुसरीच्या मापाचा करायचा कसा, हे तुमच्या पत्रात नाही. मला वाटतं ते तुम्हालाही लिहून सांगता येणार नाही. शेवटचा दिवस अठ्ठावीस. तुम्ही नाही आलात तर मी करीन, पण अंदाजाने करीन.

जास्त लिहीत नाही. चित्र बघा. माझ्यासाठी नाही तरी तेवढ्यासाठी माया असू द्या.

तुमची,
मुंगी


२६ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चित्र पोचलं. आत्याने बघितलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली; अजून बाहेर आलेली नाही.

दिवा दोन बोटं वर आहे. थर्माकोल फार जवळ धरलाय, हनुवटीखाली कळतो. बल्ब बरोबर आहे. पापणी बरोबर आहे.

तुमच्या नटीबाईंचं नाक लांब असणार. त्यांच्यासाठी दिवा खाली घे आणि कॅमेऱ्याकडे सरकव, त्यांना मान खिडकीकडे थोडी वळवायला सांग, आणि त्रिकोणाचा हट्ट सोड. तो त्यांचा नाही. हे लिहून सांगता येतं, बघ. तेवढ्यासाठी मी यायची गरज नव्हती.

पण येतो आहे. हे पत्र आजच कुरियरने टाकतो, म्हणजे माझ्या आधी पोचेल. सत्तावीसला सकाळची गाडी धरतो, संध्याकाळपर्यंत पोचेन. आत्याही येते, असं आतूनच म्हणाली; सुया स्वतःच घेणार आहे. माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही, हे तिने तुला कळवलेलं मला ठाऊक आहे.

अठ्ठावीसला आधी नटीबाईंचा क्लोजअप उरकू. तुझं काम ते. मग सगळ्यांना चहाला पाठव आणि खोली परत देण्याआधीचा वेळ मला दे. दिवा मी लावीन. तू खुर्चीत बस, शिवायला काही तरी घे, खाली बघ. कॅमेरा आधीच चालू करून ठेव.

आणि तिथल्या माणसांना बजावून ठेव, मी लावत असेन तोवर तयार असं कुणीही म्हणायचं नाही.

तुझे,
बाबा